सुवार्ता सांगायचा उत्साह आहे पण मित्र लांब जातायत, काय करू?

सातपूरचा_पोरगा:
सगळ्यांना जय ख्रिस्त. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत कामाला आहे. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण शिबिराला जाऊन आलो तेव्हापासून नुसतं भरून आलंय, वाटतं भेटेल त्याला येशूबद्दल सांगावं. मग काय, रोज सकाळी कंपनीच्या ग्रुपवर बायबलचं वचन टाकायला लागलो, चहाच्या टपरीवर येशूबद्दलच्या छापील पत्रिका वाटल्या. आता शाळेपासूनचा मित्र, ज्याच्या गाडीवर मी रोज डबलसीट जायचो, तो म्हणतो शिफ्ट बदललीय. बदललेली नाहीये, मी बोर्डवर बघितलं. आई म्हणते गप्प बस थोडे दिवस. पण बायबलात मत्तय २८ मध्ये तर सरळ जा आणि शिष्य करा म्हटलंय ना, मग गप्प कसं बसायचं?

शरणपूररोड_काका:
सलाम बेटा. तुझ्या वयात मी सीबीएस बसस्टँडला पत्रिका वाटायचो, निम्म्या तिथंच खाली पडायच्या, झाडूवाल्या मावशी मला बघून कपाळाला हात लावायच्या 😄 कवी ना. वा. टिळकांचं बघ. १८९५ ला बाप्तिस्मा, माणूस किती पेटलेला, पण घरात बायको लक्ष्मीबाई, आपल्या इथल्या जलालपूरच्या, त्यांना बाप्तिस्मा घ्यायला नंतर पाचेक वर्षं लागली. घरच्या माणसाला एवढा वेळ लागतो आणि तुला महिन्यात अख्खी कंपनी पाहिजे. दुसरं, टिळकांनी कीर्तन केलं, अभंग लिहिले, म्हणजे लोकांच्या कानाला ओळखीचं. आपण टपरीवर विचारतो, तुझं तारण झालंय का? समोरचा काय बोलणार, कटिंग संपवून निघतो.

पंचवटीकर:
मी ख्रिश्चन नाही, सहज वाचत होतो. नेहरूनगरला बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत मी स्वतः जातो, आमच्या गल्लीतले बरेच जातात, कुणी बोलवायला येत नाही. शेजारच्या काकू नाताळात करंज्या देतात तेव्हा मीच त्यांना दहा प्रश्न विचारतो. पण रोज सकाळी मेसेज आला की मी म्यूट करतो, मग तो कुठल्या का देवाचा असेना. तुझ्या मित्राला येशूचा राग नसेल रे, तुझ्यासोबत आता क्रिकेटवर बोलता येत नाही याचा असेल.

वॉर्डातली_ताई:
काकांचं पटतं पण पूर्ण नाही. वाट बघत बघत आपल्यातले कित्येक जण आयुष्यभर तोंडच उघडत नाहीत, त्याला नम्रता म्हणायचं का? १ पेत्र ३:१५ बघ, कुणी आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने. योहान ९ मधला आंधळा किती कमी बोलतो, मी आंधळा होतो, आता दिसतं, बस. तुझी तेवढी दोन वाक्यं काय आहेत ते आधी ठरव. मी नर्स आहे, ड्युटीवर पेशंटशी हा विषय स्वतःहून कधीच काढत नाही, माणूस बेडवर घाबरलेला असतो, तेव्हा बोलणं म्हणजे फायदा घेणं. आणि येशूकडे ये, आजार जाईल, नोकरी लागेल असलं कुणाला बोलू नको. राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्माच्या प्रचाराचा हक्क दिलाय, पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही.

सातपूरचा_पोरगा:
ताई, दोन वाक्यं लिहायला बसलो तर खरंच जमेना, सगळी शिबिरातल्या पास्टरचीच वाक्यं येतायत. पंचवटीकर भाऊ, क्रिकेटचं बरोबर आहे 😅 ग्रुपवरचं आजपासून बंद केलं. मित्राला मेसेज टाकलाय, उद्या पेट्रोल माझ्याकडून, फक्त मॅचवर बोलू. ब्लू टिक आलीय, रिप्लाय नाही अजून.