सात रंगांचा एलईडी मास्क, मुरूम आणि त्यांचे काळे डाग

निशिगंध

नमस्कार. गेली तीन वर्षे माझ्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मुरूम येत आहेत. मुरूम आठवड्याभरात बसतो, पण त्याच्या जागी राहिलेला काळपट डाग जायला तीन-चार महिने लागतात आणि तोवर शेजारी दुसरा उगवलेला असतो. माझा वर्ण सावळ्याकडे झुकणारा आहे. थोरल्या बहिणीने वाढदिवसाला मला चेहऱ्यावर बांधायचा एलईडी मास्क भेट दिला. त्यात सात रंग आहेत आणि निळा मुरुमांसाठी, लाल सुरकुत्यांसाठी, हिरवा डागांसाठी अशी प्रत्येकाची कामगिरी खोक्यावर छापलेली आहे. दिव्यांची संख्या मोठ्या अक्षरांत आहे, मात्र माहितीपुस्तिकेत एकाही रंगाची तरंगलांबी, म्हणजे त्या प्रकाशाचा नेमका रंग सांगणारा नॅनोमीटरमधला आकडा, दिलेली नाही.

मी रात्री डॉक्टरांनी मुरुमांसाठी दिलेले अडापालीन या औषधाचे जेल लावते. त्यासोबत हा मास्क चालेल का, डोळ्यांना काही अपाय होईल का आणि मुरुमांसाठी निळा व डागांसाठी हिरवा असे आलटून पालटून वापरावे का, हे जाणून घ्यायचे आहे. यात खरोखर काही तथ्य आहे की हा नुसता रंगीत दिव्यांचा खेळ आहे, हा प्रश्न तर आहेच.

पानगळ

मुरुमांविषयी मला सांगता येणार नाही, कारण मी मास्क घेतला तो डोळ्यांच्या कडेच्या बारीक सुरकुत्यांसाठी. माझा मास्क सिलिकॉनचा असून त्यात लाल आणि अवरक्त असे दोनच प्रकारचे दिवे आहेत. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा निम्मे दिवे पेटलेच नाहीत, म्हणून मी उत्पादकाला तक्रारीचे खरमरीत पत्र लिहिले. उत्तर आले की अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पाहिले, तर "मेलेले" सगळे दिवे पडद्यावर फिकट जांभळे चमकत होते. पत्र मागे घेण्याची सोय नव्हती.

गेले पाच महिने आठवड्यातून चार वेळा, दर वेळी दहा मिनिटे, असा माझा क्रम आहे. पहिल्या सहा आठवड्यांत काहीही दिसले नाही. त्यानंतर त्वचेचा खरखरीतपणा कमी वाटू लागला आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा किंचित मऊ झाल्या, पण हे मी एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी काढलेल्या छायाचित्रांवरून सांगते आहे. आरशात रोज पाहणाऱ्याला असा फरक कळत नाही. कपाळावरच्या खोल आठ्या होत्या तशाच आहेत. शिवाय मास्कच्या निमित्ताने मी रोज नेमाने सनस्क्रीन लावू लागले, त्यामुळे श्रेय कोणाचे, याचा निवाडा मी करणार नाही.

मास्क काढल्यावर पहिले मिनिटभर न्हाणीघरातल्या पांढऱ्या फरशा मला हिरवट दिसतात. सुरुवातीला मी घाबरले होते. बराच वेळ लाल प्रकाश पाहिल्यावर डोळ्यांतील लाल रंग टिपणाऱ्या पेशी थकतात आणि म्हणून असे होते, हे पुढे वाचनात आले. तेव्हापासून मी मास्कसोबत आलेल्या डोळ्यांच्या वाट्या न चुकता लावते.

तारायंत्र

मी त्वचेचा नव्हे, दिव्यांचा माणूस आहे, तेव्हा तेवढ्यापुरतेच बोलतो. सात रंगांच्या मास्कमध्ये बहुधा सात प्रकारचे दिवे नसतात. मास्क बंद करून एक दिवा भिंगाखाली पाहा. पारदर्शक आवरणाच्या आत तीन बारीक चौकोनी ठिपके दिसले, तर तो लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचा साधा सजावटीचा दिवा आहे. जांभळा, पिवळा, आकाशी आणि पांढरा हे रंग त्या तिघांच्या मिश्रणातून डोळ्याला भासतात. म्हणजे पिवळ्या प्रकाशाचे म्हणून जे गुण खोक्यावर लिहिले आहेत, तो पिवळा प्रकाश त्या मास्कमधून बाहेर पडतच नाही. अशा दिव्यातला निळा साधारण ४६० ते ४७० नॅनोमीटरचा असतो, आणि मुरुमांसाठी ज्याचा अभ्यास सर्वाधिक झाला तो निळा-जांभळा प्रकाश ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा आहे. डोळ्यांना दोन्ही निळेच दिसतात, पण रसायनाच्या दृष्टीने तो फरक मोठा आहे.

दुसरी गोष्ट मात्रेची. त्वचेच्या एका चौरस सेंटीमीटरवर किती मिलीवॅट प्रकाश पडतो आणि किती सेकंद पडतो, यांचा गुणाकार म्हणजे मात्रा. एखादा मास्क चौरस सेंटीमीटरला ३० मिलीवॅट देत असेल, तर दहा मिनिटांत १८ ज्यूल होतात. दुसरा ५ मिलीवॅटच देत असेल, तर त्याच १८ ज्यूलसाठी पूर्ण तासभर बसावे लागेल, आणि पुस्तिकेत मात्र दोघांनाही दहाच मिनिटे सांगितलेली असतात. दिव्यांची संख्या यातले काहीच सांगत नाही. कडक प्लास्टिकचा मास्क गालापासून दोन बोटे दूर राहतो, हनुवटीवर तर आणखी दूर, आणि तेवढ्यात प्रकाश पसरून विरळ होतो. ज्या उत्पादनावर तरंगलांबी आणि मिलीवॅट हे दोन आकडे नाहीत, त्याची मात्रा ठरवणे म्हणजे अंधारात माप घेणे आहे.

मात्र वेळ दुप्पट करून ही कसर भरून काढू नये. या प्रकाशाचा परिणाम एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि मात्रा त्यापुढे गेली की उलट घटू लागतो, असे प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

अर्धविराम

मी त्वचारोगांच्या क्षेत्रात काम करतो. येथे तपासणी होऊ शकत नाही, त्यामुळे पुढचे विवेचन सर्वसाधारण समजावे.

यात तथ्य आहे, पण खोक्यावर लिहिले आहे तेवढे नाही. मुरुमांत वाढणारे जिवाणू स्वतःच पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये ४१५ नॅनोमीटरजवळचा प्रकाश जोरात शोषतात आणि त्यातून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन त्या जिवाणूंनाच मारतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या १०७ रुग्णांच्या एका चाचणीत रोज १५ मिनिटे निळा आणि लाल प्रकाश एकत्र देऊन १२ आठवड्यांनंतर सुजलेल्या मुरुमांत सरासरी ७६ टक्के सुधारणा नोंदवली गेली. तेथे ठरावीक तरंगलांबीचे दिवे होते, सात रंगांचा मास्क नव्हता, हे ध्यानात असू द्यावे. बंद तोंडाच्या पुटकुळ्या आणि काळ्या टोकाचे मुरूम यांवर प्रकाशाचा फारसा उपयोग होत नाही. लाल आणि अवरक्त प्रकाश अधिक खोल जातो. तो पेशींच्या ऊर्जाकेंद्रातील एका विकराकडून शोषला जातो, असे मानले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या १३६ जणांच्या नियंत्रित अभ्यासात, आठवड्यातून दोनदा असे ३० वेळा प्रकाश दिल्यावर त्वचेचा खडबडीतपणा कमी झाला आणि त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची घनता वाढलेली दिसली. पानगळ यांचा अनुभव या चित्राशी जुळतो.

आता निशिगंध यांच्या प्रश्नाचा गाभा, आणि तो मुरूम नसून डाग आहे. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशामुळेही रंगद्रव्य वाढते; त्याला अतिनील किरणच लागतात असे नाही. २०१४ सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगात ४१५ आणि ६३० नॅनोमीटरच्या प्रकाशाची तुलना झाली. ६३० च्या लाल प्रकाशाने त्वचा काळवंडली नाही, पण ४१५ च्या प्रकाशाने पडलेला काळेपणा तीन महिन्यांपर्यंत टिकला. गोऱ्या त्वचेवर बेतलेल्या पुस्तिकेत हे येत नाही. ज्यांचा मुरूम बसताना डाग सोडून जातो किंवा ज्यांना वांग आहे, त्यांनी निळा प्रकाश स्वतःच्या मनाने घरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरव्या प्रकाशाने डाग जातात, या दाव्यामागे भक्कम आधार नाही. त्यापेक्षा लोह ऑक्साइड असलेले, रंगछटा असणारे सनस्क्रीन डागांसाठी अधिक उपयोगी पडते, कारण ते दृश्य प्रकाशही अडवते. मास्कमधून अतिनील किरण येत नाहीत, म्हणून मास्क वापरल्याने सनस्क्रीनची गरज वाढत नाही, तशीच ती कमीही होत नाही.

अडापालीन आणि लाल प्रकाश एकत्र चालू शकतात. चेहरा धुऊन कोरडा करावा, मास्क आधी आणि जेल नंतर. त्वचा सोलवटलेली किंवा चुरचुरत असेल, तर त्या दिवशी मास्क नको.

डोळ्यांची काळजी अनाठायी नाही. न्यूट्रोजिना या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने २०१९ साली आपला प्रकाशाचा मास्क बाजारातून परत मागवला होता. दृष्टिपटलाचे काही आनुवंशिक विकार असलेल्या किंवा प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्या लोकांच्या डोळ्यांना इजा होण्याची शक्यता, हे त्याचे कारण दिले गेले. ल्युपस किंवा पॉर्फिरिया (हे दोन्ही प्रकाशाने बळावू शकणारे आजार), अपस्मार किंवा दृष्टिपटलाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मास्क लावू नये. चेहऱ्यावरचा एखादा तीळ बदलत असेल, तर आधी तो दाखवून घ्यावा.

आणखी एक. प्रौढ वयात हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवर येत राहणारे मुरूम अनेकदा हार्मोनशी निगडित असतात. पाळी अनियमित असेल, तर त्याची तपासणी आधी व्हावी. तिथवर कोणताही दिवा पोहोचत नाही.

काजळमाया

मध्येच विचारते, क्षमस्व. लाल प्रकाशाने चेहऱ्यावर केस वाढतात, असे मैत्रीण म्हणते. तिने मास्क याच भीतीने कपाटात टाकला आहे.

अर्धविराम

भीती अगदीच हवेतून आलेली नाही. हंगेरीतील एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ साली उंदरांची पाठ भादरून तिच्यावर मंद लेझर सोडला, तेव्हा त्या भागात केस लवकर उगवलेले त्यांना दिसले. या उपचाराची कथा सुरू होते तीच तिथून. डोक्यावरचे विरळ केस दाट करण्यासाठी आज लाल प्रकाशाची साधने वापरली जातात. मात्र तेथे प्रकाश कित्येक महिने, केसांच्या मुळांना नेमका मिळावा अशा रीतीने दिला जातो. ज्यांच्या हनुवटीवर आधीपासून राठ केस येतात त्यांनी दर महिन्याला छायाचित्र काढून लक्ष ठेवावे आणि वाढ जाणवली तर थांबावे. इतरांनी कपाट उघडायला हरकत नाही.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आजोबांचे वाचनाचे भिंग घेऊन बसले. प्रत्येक दिव्यात तीन ठिपके आहेत, म्हणजे तारायंत्र यांचा अंदाज बरोबर निघाला. उत्पादकाला तरंगलांबी विचारली, तर "सर्व रंग उच्च दर्जाचे आहेत" असे उत्तर आले. निळा आणि हिरवा मी वापरणार नाही. पाळी अनियमित आहेच, तेव्हा ती तपासणीही आता टाळणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. जेलबरोबर मला गेल्या आठवड्यापासून डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्यामुळे लाल प्रकाशाचा विचारही बदलतो का?

अर्धविराम

ही माहिती सर्वांत आधी यायला हवी होती. डॉक्सीसायक्लिनमुळे वाढणारी संवेदनशीलता मुख्यतः अतिनील किरणांशी निगडित आहे, लाल प्रकाशाशी नव्हे. तरीही ज्याची तरंगलांबी उत्पादकालाच सांगता येत नाही, अशा दिव्यावर हा तर्क टांगून ठेवणे योग्य नाही. गोळ्यांचा क्रम पूर्ण होईपर्यंत मास्क खोक्यात राहू द्या, उन्हात जाताना जपा आणि पुढच्या भेटीत तो खोक्यासह डॉक्टरांना दाखवा.

पानगळ

आणि ताईने विचारलेच, तर मास्क आवडला म्हणून सांगा, गोळ्या संपायची वाट पाहते आहे असेही सांगा. दोन्ही खरेच आहे.