मदत हवी आहे: गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी कंपनीची घ्यावी, बाहेरची घ्यावी की तेवढे पैसे बाजूला ठेवावेत? (सोलापूर)

मंडळी, जाणकारांचं मत पाहिजे. आमची पेट्रोल एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी पुढच्या महिन्यात ३ वर्षांची होतेय, कंपनीची ३ वर्षं किंवा १ लाख किमीची वॉरंटी तेव्हा संपणार. रनिंग ८४ हजार झालंय. घर जुळे सोलापूरला आणि नोकरी पुण्यात, त्यामुळं जवळपास दर आठवड्याला हायवेनं जाणं-येणं, शिवाय तुळजापूर, अक्कलकोट असतंच, म्हणजे वर्षाला साधारण २८ हजार किमी धरा.

शोरूममधून सारखे फोन येतायत, एक्स्टेंडेड घेऊन टाका मॅडम, एकदा मुदत संपली की मिळत नाही. ते बरोबर असेल, कारण आधीची वॉरंटी चालू असतानाच ती वाढवतात हे मी पण वाचलंय. पण नेमकं काय कव्हर होतं ते विचारलं की "सगळं होतं" एवढंच म्हणतात, आणि सगळं म्हणजे काय ते कुणी सांगंना.

दोन पॅकेज सांगितलीत. एक चौथ्या वर्षाचं, १ लाख किमीपर्यंत. दुसरं चौथं-पाचवं मिळून, १ लाख २० हजारपर्यंत. वर्ष किंवा किमी, जे आधी संपेल ते. आता बघा, माझ्या रनिंगनं १ लाख व्हायला फक्त १६ हजार राहिलेत, म्हणजे सातेक महिन्यांत खेळ खलास. दोन वर्षांचं घेतलं तरी ३६ हजार किमी म्हणजे सव्वा वर्ष. पैसे पूर्ण दोन वर्षांचे द्यायचे आणि वापरायला मिळणार सव्वा वर्ष, हे मला पटंना झालंय. ज्यांची गाडी गावातल्या गावात सात रस्ता ते होटगी रोड एवढीच फिरते त्यांना हेच पॅकेज पूर्ण पुरेल, पण हायवेवाल्यांनी काय करायचं?

दुसरा पर्याय बाहेरच्या कंपनीच्या वॉरंटीचा, एका ओळखीच्या एजंटानं आणलाय. जवळजवळ निम्म्या पैशात आणि किमीची मर्यादा पण जास्त. पण कागद वाचला तर एका क्लेमला ठराविक रकमेपर्यंतच पैसे, काम सुरू करायच्या आधी त्यांची मंजुरी, आणि इंजिन उघडून बघायचा खर्च आधी आपण करायचा, फॉल्ट त्यांच्या यादीतला निघाला तरच परत. समजा टेंभुर्णीच्या पुढं गाडी बंद पडली तर मंजुरीची वाट बघत कुठं बसायचं?

पप्पा म्हणतात काही घेऊ नको, तेच पैसे बँकेत वेगळे ठेव, आणि बाहेरून सीएनजी किट बसवून घे म्हणजे पेट्रोलचे पैसे वाचतील. पण किट बसवलं तर वॉरंटीचं काय होतं?

मला खरी भीती गिअरबॉक्समधल्या क्लच-गिअर आपोआप हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची आणि एसी कॉम्प्रेसरची आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, घरी लहान मूल आहे, एसीशिवाय दुपारचा प्रवास होतच नाही. ह्या दोन गोष्टी कव्हर होत असतील तर मी घेईन. कुणी खरंच क्लेम केला असेल तर अनुभव सांगा प्लीज.

प्रतिसाद:
ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे, किमीवाली मर्यादाच आधी लागणार. म्हणून शोरूमला विचारा की ह्याच्या वरचा किमीचा टप्पा तुमच्या मॉडेलला आहे का, काही कंपन्यांत असतो पण आधी स्वस्तातलंच दाखवतात. मारुतीनं तर जुलै २०२४ पासून साधी वॉरंटीच २ वर्षं/४० हजारवरून ३ वर्षं/१ लाख केली, म्हणजे नियम बदलत असतात, जुन्या माहितीवर जाऊ नका.

बुकलेटमधलं "काय कव्हर नाही" हे पान आधी वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, फिल्टर ही घासून संपणारी कामं सहसा नसतात, एएमटीला पण क्लच प्लेट असतेच आणि तुमच्या रनिंगला ते काम कधीतरी निघणार, त्याचे पैसे वेगळे धरून ठेवा. बॅटरी-टायरची वॉरंटी ते बनवणाऱ्यांची वेगळी असते. अ‍ॅक्च्युएटर आणि कॉम्प्रेसर बहुतेक ठिकाणी असतात, पण फोनवर ऐकून पैसे भरू नका, ईमेलवर लिहून मागा. पाणी शिरून इंजिन गेलं किंवा उंदरानं वायर कुरतडली तर वॉरंटीत काही मिळत नाही, ते इन्शुरन्सचं काम, आणि इंजिनसाठी तिथं इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर घेतलेलं लागतं.

बाहेरून सीएनजी बसवलं की इंजिनच्या क्लेमला नकार मिळायची पूर्ण शक्यता. शिवाय आरसीवर नोंद आणि इन्शुरन्सला कळवणं आलंच. किट आणि वॉरंटी यातलं एकच निवडा. सर्व्हिसची बिलं सगळी जपून ठेवा, वेळेवर सर्व्हिस नाही म्हणून क्लेम नाकारतात. लेखी दिलेलं पाळलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! वरच्या टप्प्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. किट सध्या नको, पप्पांना समजावते. अ‍ॅक्च्युएटर आणि कॉम्प्रेसरचं ईमेलवर विचारलंय, उत्तर आलं की इथं टाकते. तोपर्यंत ८० हजारच्या पुढं एएमटी चालवलेल्या कुणी क्लच प्लेटला किती खर्च आला तेवढं सांगा.