नेपाळमधील छोट्या मंडळीच्या बायबल शाळेला मदत कशी करावी?

प्रश्न (ठाणे)
सप्रेम नमस्कार. नेपाळमधील पोखऱ्याजवळच्या एका छोट्या मंडळीने (चर्चने) मुलांच्या व्ही.बी.एस.साठी, म्हणजे सुट्टीतील बायबल शाळेसाठी, आमच्या तरुण संघाकडे मदत मागितली आहे. गाणी, बायबलकथा, वचनांचे पाठांतर आणि हस्तकला हे सर्व आम्ही येथे दर मे महिन्यात घेतो. परदेशात जाताना काय तयारी करावी?

उत्तर (वाशी)
अवश्य जावे, परंतु आधी कायदा समजून घ्यावा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील २६ व्या अनुच्छेदानुसार आपला धर्म पाळण्याची मुभा आहे, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणून शाळा मंडळीतील कुटुंबांच्या मुलांपुरतीच ठेवावी, पालकांची लेखी संमती घ्यावी, पत्रके वाटू नयेत आणि आमिष वाटेल अशा भेटवस्तू मुळीच नेऊ नयेत. आपण आठवड्याभरात परत येऊ, पण काही तक्रार झाली तर तिला तोंड देत तेथेच राहायचे आहे ते तेथील पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि त्यांच्या कुटुंबाला, याची जाणीव संघातील प्रत्येकाला असली पाहिजे.

उत्तर (ऐरोली)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. माझा आग्रह एवढाच की मुलांसमोर तेथील शिक्षिकांनीच उभे राहावे आणि आपण त्यांच्या मागे राहावे. कथा कशी सांगायची, वयानुसार गट कसे करायचे, हे त्यांच्याबरोबर आधी व्हिडिओ कॉलवर बसून ठरवावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्या आपल्याशिवायही शाळा घेतील. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे त्यांची गाणी आपल्या तरुणांना वाचून पाठ करता येतील. मराठी गाणी तेथे लादू नयेत. तारखाही त्यांनाच ठरवू द्याव्यात. त्यांचे शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यास सुरू होते, आणि दशैंची मोठी सुट्टी आपल्या नवरात्राच्या सुमारास येते. बहुतेक मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, हेही वेळापत्रकात धरावे. कोणत्याही मुलाबरोबर एकच प्रौढ व्यक्ती एकटी थांबणार नाही, हा नियम लेखी करावा आणि मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

प्रश्नकर्ता (ठाणे)
मनःपूर्वक आभार. मे महिन्याचा बेत आम्ही बाजूला ठेवतो आणि तारखा पाळकसाहेबांनाच विचारतो. सर्वांना आधार कार्डावर जाता येईल का?

उत्तर (वाशी)
नाही. १५ ते ६५ वयोगटासाठी पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते.