मदत हवी आहे: सिम्युलेशनमध्ये पाण्याचं मॉडेल बदलू का?

मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टसाठी ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरवर पाण्यातल्या एका छोट्या प्रथिनाच्या हालचालींचं सिम्युलेशन करतेय. फोर्स फील्ड (अणूंमधली बलं काढायची सूत्रं नि आकडे) अँबरचं, पाण्याचं मॉडेल टिप३पी. आधी नुसतं पाणी चालवून पाहिलं, तर २५ अंशांना विसरण गुणांक (रेणू किती झपाट्याने पसरतात त्याचं माप) ५.५ आला. प्रयोगातला आकडा २.३ (×१०⁻⁹ चौ.मी. प्रति सेकंद). रेणू दुपटीहून जास्त वेगाने पळतायत! दोन दिवस स्वतःच्या चुका शोधल्या, मग कळलं की ही या मॉडेलची जुनीच खोड. एसपीसी/ई हे पाण्याचं दुसरं मॉडेल घेतलं की २.५ च्या आसपास येतं. पण माझं फोर्स फील्ड टिप३पीसोबत जुळवलेलं. नुसतं पाणी बदललं तर प्रथिनाची घडी बिघडेल का? की सरळ एफएफ१९एसबी (अँबरचंच दुसरं फोर्स फील्ड) आणि ओपीसी (पाण्याचं आणखी एक मॉडेल) ही जोडी घेऊ? ओपीसीला प्रत्येक रेणूत टिप३पीच्या तीनऐवजी चार बिंदू, म्हणजे आकडेमोड जास्त, आणि आमच्या लॅबचा एकुलता एक जीपीयू आत्ताच धापा टाकतोय. कोणी करून पाहिलंय?