‘स्टँड अँड डिलिव्हर’ : गोष्ट खरी, पण मधली वर्षं कुठे गेली?

खडूफळा

आमच्या शाळेत येत्या शनिवारी नववीच्या मुलांना ‘स्टँड अँड डिलिव्हर’ दाखवायचं ठरलंय. स्टाफरूममध्ये मी एकटीच नको म्हणाले. तिथे घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. १९ वर्षं गणित शिकवतेय, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: १९८८ चा सिनेमा, दिग्दर्शक रामोन मेनेंदेझ. पूर्व लॉस एंजेलिसमधलं गारफील्ड हायस्कूल. मुलं बहुतेक मेक्सिकन मुळाच्या कष्टकरी घरांतली, बाहेर टोळ्या, शाळेची मान्यता जायची वेळ आलेली. बोलिव्हियाहून आलेले हायमे एस्कालांते कॉम्प्युटर शिकवायला म्हणून रुजू होतात, तर शाळेत कॉम्प्युटरच नाहीत. हातात येतो साध्या अंकगणिताचा वर्ग. पहिल्या वर्षी तेच, मग एक उन्हाळी सुट्टी, आणि दुसऱ्या वर्षी तीच मुलं कॅल्क्युलसच्या एपी परीक्षेला बसतात. ही शाळेत असतानाच द्यायची, कॉलेजच्या तोडीची परीक्षा. १८ पैकी १८ पास. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला कॉपीचा संशय येतो, मुलं पुन्हा परीक्षा देतात, पुन्हा पास होतात.

१९८२ साली हे खरंच घडलं. माझं भांडण आहे ते सिनेमाने गिळलेल्या वर्षांशी. एस्कालांते त्या शाळेत आले १९७४ ला. त्यांची पहिली तुकडी एपीला बसली १९७९ मध्ये: ५ मुलं, २ पास. पुढच्या वर्षी ९ पैकी ७, मग १५ पैकी १४, आणि त्यानंतर ते प्रसिद्ध १८. बेन हिमेनेझ हे दुसरे गणिताचे शिक्षक सोबत होते. हेन्री ग्रादियास यांच्यासारखे प्राचार्य पाठीशी होते. खालच्या वर्गांपासून बीजगणित पक्कं करून घेण्याची घडी बसवली होती. म्हणजे कॅल्क्युलसपर्यंत पोचणारी मुलं दोन वर्षांपूर्वी अपूर्णांकात अडखळणारी नव्हती. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर पुढच्या वर्षांचे वाढते आकडे येतात, १९८७ पर्यंत ८० च्या पुढे. आधीचे ५ पैकी २ मात्र कुठेच येत नाहीत. मला तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी १/२ + १/३ = २/५ लिहायची. वरच्यात वरचा मिळवायचा, खालच्यात खालचा. मी डब्यातली भाकरी काढली. म्हटलं, ही अर्धी, हिच्यात हा तिसरा हिस्सा घाल. २/५ म्हणजे तर अर्ध्याहून कमी. भाकरीत भर घातली आणि भाकरी कमी कशी झाली? तिने एकदा भाकरीकडे पाहिलं, एकदा वहीकडे, आणि स्वतःच ते उत्तर खोडलं. मला धन्य वाटलं. पुढच्या सोमवारी तिने पुन्हा २/५ लिहिलं. ऑगस्टात सुरू केलेलं हे काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चाललं.

आणि एका बैठकीत आम्हाला ऐकावं लागलं, ‘सिनेमातल्या त्या सरांना दोन वर्षांत जमतं, तुम्हाला का जमत नाही?’ बोलणाऱ्याने मनापासून विचारलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

माळरान

ताई, तुमचे आकडे मान्य, तुमचा निष्कर्ष मान्य नाही. हा सिनेमा गणित कसं शिकवावं याचा नाहीच. तो संशयाचा आहे.

मी आश्रमशाळेत शिकलो. दहावीला गणितात ९६ मिळाले. तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सचा अर्ज भरताना खिडकीतल्या माणसाने गुणपत्रिका पाहिली, शाळेचं नाव वाचलं, आणि शेजारच्याला म्हणाला, ‘कॉपी सेंटर दिसतंय.’ वडील शेजारी उभे होते. त्यांना इंग्रजी शब्द कळले नाहीत. त्यांनी मला विचारलं, साहेब काय म्हणाले? मी म्हणालो, चांगले मार्क आहेत म्हणाले.

संस्थेच्या माणसांसमोर एस्कालांते उभे राहतात आणि सांगतात की मुलांची आडनावं स्पॅनिश नसती, ती गरीब वस्तीतल्या शाळेतली नसती, तर या गुणांवर कोणी बोटही ठेवलं नसतं. तो प्रसंग मी आजवर तीनदा पाहिला. तिन्ही वेळा मधे थांबवावा लागला. प्रत्यक्षात १८ पैकी १४ मुलांवर संशय घेतला गेला, १२ पुन्हा बसली आणि बाराच्या बारा पास झाली. तुमच्या नववीच्या वर्गात असं एक तरी पोर असेल. त्याच्यासाठी दाखवा.

खडूफळा

माळरान, तुमचा अनुभव वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. त्या प्रसंगाबद्दल वाद नाही. पण मुलांवर संशय का आला असेल, याचं एक उत्तर सिनेमा स्वतःच देतो असं मला वाटतं. दोन वर्षांत शून्यातून कॅल्क्युलस म्हटलं की कोणालाही ते अशक्यच वाटणार. खरी वर्षं दाखवली असती तर प्रेक्षकालाच कळलं असतं की हे गुण घासून मिळवलेले आहेत. वर्षं गाळल्याने मुलांचीच बाजू लंगडी झाली.

तिसरी घंटा

पावणेदोन तासांत आठ वर्षं दाखवायची कशी, हे कोणीतरी सांगा! नाटक-सिनेमा काळ आवळतोच. त्याबदल्यात तो काय देतो ते पाहा. वर्गात एस्कालांते आचाऱ्याची टोपी घालून, हातात सुरा घेऊन सफरचंदं कापतात. मग प्रत्येकाला विचारतात, तुझ्याकडे किती उरलंय? एका मुलीकडे नुसता गाभा. म्हणजे तू मला १०० टक्के देणं लागतेस! टक्केवारी अशी तोंडात चव घेऊन आलेली मी पडद्यावर दुसरीकडे पाहिली नाही. तुमची भाकरी आणि त्यांचं सफरचंद एकाच जातीचं आहे, ताई. एस्कालांते झालेल्या एडवर्ड जेम्स ओल्मोसला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते उगाच नव्हे.

आणि त्या वर्गातल्या आंहेलची, टोळीतल्या पोराची, पुस्तकं आठवा. टोळीतल्या पोरांना दिसू नये म्हणून तो एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या प्रती मागतो, एक वर्गात, एक कपाटात, एक घरी. म्हणजे रस्त्यावर हातात पुस्तक दिसायला नको. एवढ्याशा मागणीत ती सगळी वस्ती उभी राहते. हे कुठल्या अहवालात सापडणार नाही.

सागरापार

मी लॉस एंजेलिस परगण्यात राहते, शनिवारी एका वाचनालयात मुलांना बीजगणित शिकवते. खडूफळाच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी. मार्च १९६८ मध्ये याच भागातल्या शाळांमधली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली होती. गारफील्डचीही होती. मागणी काय? चांगलं शिक्षण द्या, आम्हाला फक्त हातकामाच्या वर्गांकडे ढकलू नका. म्हणजे एस्कालांते येण्याच्या सहा वर्षं आधी त्या वस्तीने स्वतः हाक दिली होती. सिनेमात मात्र वस्ती जणू कोणाची तरी वाट पाहत बसलेली दिसते. आना या विद्यार्थिनीच्या वडिलांना ती आपल्या हॉटेलात कामाला हवी असते आणि सर जाऊन त्यांची समजूत काढतात. असे वडील असतात, नाही म्हणत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आया दोन बस बदलून त्यांना आणतात आणि तास संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहतात. त्या कुठे आहेत?

शिवाय एस्कालांते १९९१ ला गारफील्ड सोडून गेले. त्याआधी प्राचार्यही गेलेले. पुढे पास होणाऱ्यांचा आकडा घसरत गेला. एका माणसावर उभं केलं की असं होतं.

माळरान

सागरापार, आकडा घसरला यातून हेही दिसतं की त्या माणसामुळे फरक पडत होता! माझ्या आश्रमशाळेत घडी वगैरे काही नव्हती. एक सर होते, जे रात्री कंदील घेऊन वसतिगृहात यायचे. घडी बसेपर्यंत माझी दहावी निघून गेली असती.

दिवेलागण

मी शिक्षकाची मुलगी. सिनेमात सरांना हृदयविकाराचा झटका येतो आणि दोन दिवसांत ते पुन्हा वर्गात उभे राहतात, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. माझे वडील असेच तापात शाळेत जायचे. आमच्या घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलांना दाखवाल तेव्हा हेही बोला, एवढंच.

खडूफळा

माळरान, तुमच्या कंदिलवाल्या सरांपुढे माझा युक्तिवाद थिटा पडतो. ते खरं आहे. तरी त्या सरांच्या जोडीला आणखी दोन सर असते तर तुमच्याबरोबरची किती मुलं पुढे आली असती, हा प्रश्न मला सोडत नाही.

दिवेलागण, तुमचं म्हणणं वर्गात नक्की काढीन.

शनिवारचा कार्यक्रम मी अडवणार नाही. सिनेमा सुरू होण्याआधी फळ्यावर लिहीन: १९७४. मग ५ पैकी २, ९ पैकी ७, १५ पैकी १४. आणि १८ पुढची जागा कोरी ठेवीन.

माळरान

लिहा, पण सिनेमा संपल्यावर लिहा. आधी लिहिलंत तर पोरं आकडे पाहतील. त्यांना आधी तो खिडकीतला माणूस दिसू दे.

खडूफळा

आधी की नंतर, यावर अजून ठरत नाहीये. शुक्रवारपर्यंत वेळ आहे.