अमूर्त चित्र सुरू कुठून करता?

रंकाळाकाठ: मी इथं कोल्हापुरात लँडस्केपच करत आलोय, आबालाल रहिमानांची चित्रं बघत बघत शिकलो म्हणा, पण आता अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार नसलेलं चित्र करायचंय आणि कॅनव्हाससमोर बसलो की हातच थांबतो. आधी डोक्यात चित्र असावं लागतं का?

कोरा कॅनव्हास: नाही हो. मी आधी नुसता एक रंग लावतो, वाळला की त्यावर दुसरा पातळ, मग कुठंतरी खालचा रंग डोकावतो आणि तिथून पुढचं सुचतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीनं, थर चढवायचे, खरवडायचे, वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. घाई नको.

घाटावरचा: लँडस्केप सोडायची काय गरज भावा? परवा पहाटे पंचगंगा घाटावर बसलोतो, धुकं एवढं की दीपमाळापण दिसंनात, नुसता करडा आणि पाण्याची एक ओली रेघ. घरी येऊन तेवढंच केलं, आठवणीतनं. फोटो बघितला की हात परत घाटच काढायला लागतोय.

रंकाळाकाठ: फोटोचं पटलं. पण थांबायचं कधी?

कोरा कॅनव्हास: भिंतीला टेकवून आठवडाभर येता-जाता बघा, उलटं करूनपण बघा. डोळा सारखा एकाच जागी अडकत असेल तर अजून काम आहे.