डेमो लेक्चरसोबत हेही विचारा

महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक नेमताना शोधनिबंधच मोजतात, मुलांना हाताशी धरून संशोधनाचं काम करण्याची हातोटी कोणी बघत नाही, असं म्हणतात, ते पटलं. पण नेमल्यावर काय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे. त्यात मुलांच्या संशोधन प्रकल्पाचे तास धरणार का, हे जाहिरातीतच लिहावं. तासिका तत्त्वावरच्यांचं, म्हणजे तासागणिक मानधन मिळणाऱ्यांचं, तर बोलायलाच नको!

मुलाखतीत मी एकच विचारीन: पाच हजार रुपये, एक सत्र आणि एसवायची (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची) सहा मुलं दिली तर काय कराल? ठाणे खाडीचा चिखल, खारफुटी, हिवाळ्यातले फ्लेमिंगो, सगळं लोकलच्या अंतरावर आहे. ‘आधी पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं महागडं यंत्र) घ्या’ म्हणणारा उमेदवार मी तरी घेणार नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक विचारणारा लगेच घेईन.